बदलीचा कोड

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. काळाचौकीच्या आमच्या खोलीत आम्ही सातजण राहायचो. संप लांबत गेला तशी खोली रिकामी होत गेली. दोन काका आणि आजी मालवणकडच्या गावाला परत गेले, कारण तिथे निदान पेज तरी मिळेल. उरलो आई, बाबा, मोठा भाऊ आणि मी. मला पहिल्यांदाच पाय लांब करून झोपता आलं आणि त्याचा चक्क आनंद झाला. लहान मुलांना कशाचाही आनंद होतो.

पहिल्यांदा आईची मोठी पितळी कळशी गेली. मग बाबांचा रेडिओ. मग विकण्यासारखं काही राहिलं नाही, तेव्हा आईने दादरला हिंदू कॉलनीत दोन घरची धुणीभांडी धरली. गिरणीत नवरा असलेली बाई दुसऱ्याची भांडी घासत नसे, निदान आमच्या गाववाल्यांत तरी नाही. म्हणून आई सकाळी निघताना हातात फुलांची परडी घ्यायची. वाटेत कोणी विचारलंच, तर देवळात चाललेय म्हणायचं. समोरच्या खोलीतली काकी पण तशीच परडी घेऊन निघायची. दोघी जिन्यात भेटायच्या, एकमेकींच्या परडीकडे बघायच्या आणि गप्प खाली उतरायच्या. असे कितीतरी दिवस गेले. शेवटी काकीनेच तोंड उघडलं.

"पुरे गो आता," ती म्हणाली. "देव पण म्हणत असेल, ह्या दोघी रोज येतो सांगतात आणि जातात कुठे?"

दोघी जिन्यातच हसत बसल्या. दुसऱ्या दिवसापासून परड्या घरी राहिल्या.

बाबा साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. कायम होण्याआधी दहा वर्षं त्यांनी बदली केली होती. आता बदली म्हटलं की लोकांना सरकारी नोकरीतली बदली आठवते. गिरणीतली बदली वेगळी. पाळी सुरू व्हायच्या वेळी बदली कामगार गेटवर जाऊन उभे राहायचे. कायमवाला आजारी असला, गावाला गेला असला, तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, यांच्यातल्या एकाला आत घ्यायचा. त्या दिवशी तो त्या माणसाचे साचे चालवायचा. दिवसाची मजुरी बदलीवाल्याची, जागा कायमवाल्याची. यात एक नियम होता. तो कुठे छापलेला नव्हता, पण सगळ्या गिरणगावाला पाठ होता. बदलीने दुसऱ्याची जागा खायची नाही.

आई आणि काकीने हाच नियम हिंदू कॉलनीत नेला. आईला ताप आला की काकी तिची घरं करायची, काकी गावाला गेली की आई तिची. मालकिणींना आधी नवल वाटायचं, मग सवय झाली. बदलीने काम कसं करायचं याचंही त्यांचं शास्त्र होतं. काकी सांगायची, "चांगलं करायचं, पण फार चांगलं करायचं नाही. मालकीण म्हणाली की हीच बरी आहे, की समजायचं आपण चुकलो."

पुढे गिरणी उघडली, पण अर्धीच. कोणाला घेणार, कोणाला नाही, हे कोणी सांगत नव्हतं. बाबा डबा घेऊन पहिल्या पाळीला गेले. गेटवर जुनाच वॉचमन होता, बाबांकडून रोज तंबाखू मागून खाणारा. मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून एकेक जण वाकून आत जात होता. बाबांची पाळी आली तेव्हा वॉचमनने दिंडीत हात आडवा धरला.  बाबा घरी आले, उंबऱ्यात बसले आणि जेवणाची वेळ झाल्यावर तिथेच डबा उघडून जेवले. दुसऱ्या दिवशी परत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तुझं काम संपलं, असं त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. गेट उघडलं नाही, एवढंच.

भाऊ शाळा सोडून कॉटन ग्रीनच्या गोदामात गोणी उचलायला लागला. मला शाळा सोडू देणार नाही असं आईने आधीच ठरवलं होतं, का ते तिने कधी सांगितलं नाही. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेतून पुढे गेले, सकाळचं कॉलेज केलं, दुपारी शिवणाच्या कारखान्यात काजं केली आणि बी.कॉम. झाले. सेकंड क्लास. फर्स्ट क्लास मिळाला असता तर बरं झालं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खोकणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून कॉस्टिंगचा पेपर तयार करून दाखवावा. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

बाबा त्याच खोकल्यात गेले. भाऊ दारूत गेला. मागे वहिनी आणि तिचा मुलगा राहिले. मी लग्न केलं नाही. आई, वहिनी, तिचा मुलगा आणि मी, असं घर चालत राहिलं.

*

गिरणी पाडली आणि तिथे तीन टॉवर उभे राहिले. त्याआधी मी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे हिशेब लिहीत होते. टॉवरच्या सोसायटीच्या ऑफिसात जागा आहे असं कळलं, मी अर्ज केला, त्यांनी घेतलं. बाबांचीच गिरणी. लोकांना यात काहीतरी फार मोठं दिसतं. मला एवढंच दिसलं की कामाला चालत जाता येईल.

माझं काम गेटचं होतं. म्हणजे गेटवर उभं राहायचं नाही, ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून कोणाला आत सोडायचं ते सांभाळायचं. कॉम्प्लेक्सला दोन गेट. पुढचं गेट राहणाऱ्यांचं आणि त्यांच्या गाड्यांचं. मागचं गेट बायका, ड्रायव्हर, दूधवाले, सुतार, मासेवाली, सगळ्यांचं. मागच्या गेटला एक लोखंडी फिरता दरवाजा होता, एका वेळी एकच माणूस जाईल असा. त्याच्या बाजूला बटणांची पेटी. आपला पाच आकडी कोड दाबायचा, हिरवा दिवा लागला की दांडा ढकलून आत जायचं. लाल लागला तर दांडा हलत नाही. बायका त्याला पाळणा म्हणायच्या, जत्रेतला असतो तसा. "पाळण्यात बसलीस काय गं?" असं सकाळी ओरडणं चालायचं.

प्रत्येक बाईचा कोड मी काढून द्यायचे. कोडला तिची घरं जोडलेली, तिच्या वेळा जोडलेल्या. एखाद्या घरातून फोन आला की ही बाई आता नको, की मी ते घर त्या कोडमधून काढायचे. सगळी घरं निघाली की कोड बंद. बाईला कळायचं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिव्याने. तिने परत दाबायचं, परत लाल. मागे रांग. मागच्या बायका आधी ओरडायच्या, मग एकदम गप्प व्हायच्या, कारण त्यांना कळायचं. मी मॅनेजरसाहेबांना दोनदा सांगितलं की बाईला आदल्या दिवशी सांगायला हवं. साहेब नौदलातून निवृत्त झालेले, वागायला सभ्य, पण ठाम. म्हणाले, "आधी सांगितलं की त्या घरात काहीतरी गडबड करून जातात. सिक्युरिटीचा नियम आहे." मी विचारलं, कोणी केली आहे गडबड? ते म्हणाले, "केली नाही, कारण आपण सांगत नाही."

बायका सगळ्या आसपासच्याच होत्या, काळाचौकी, भोईवाडा, कॉटन ग्रीन. बहुतेक गिरणीवाल्यांच्या सुना, मुली, बायका. काहींना आकडे वाचता येत नव्हते. त्या कोड बोटाने लक्षात ठेवायच्या: वरचं, मधलं, मधलं, कोपऱ्यातलं, खालचं. कोड गुप्त असतो हे त्यांना मी समजावून सांगितलं होतं, प्रत्येकीला, कोड देताना. त्या मान डोलवायच्या. आणि मग गेटवर जाऊन एकमेकींना मोठ्याने सांगायच्या, "अगं, तीन-सात-सात नाही, तीन-तीन-सात! कालपण तेच केलंस!" त्यांच्या लेखी कोड म्हणजे गिरणीचा पास. पास आपल्याला मिळतो, पण जागा चालू राहायला हवी. आपण नसलो तर दुसरीने ती चालवायची.

वहिनीला त्या टॉवरमध्ये तीन घरं होती. तिला काम मी लावून दिलेलं नव्हतं, ती माझ्याआधीपासून तिथे जात होती. ऑफिसात आमचं नातं कोणी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं.

*

वहिनीचं पोट सारखं दुखायचं. मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तर पिशवी काढावी लागेल म्हणाले. ऑपरेशन, मग दीड महिना वजन उचलायचं नाही. वहिनीला ऑपरेशनची भीती नव्हती. घरं जायची भीती होती. दीड महिना कोण थांबतं? तिची तीन घरं गेली असती, तर माझ्या एकटीच्या पगारात आईची औषधं आणि मुलाची शाळा दोन्ही निघत नव्हती. हे आम्हा दोघींना न बोलता माहीत होतं.

तिने तिन्ही घरी फोन करून सांगितलं की दुसरी बाई येईल. अकराव्या मजल्यावरची मॅडम गाडीत होती. "हां, ठीक आहे, ठीक आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. तो फोन मी माझ्या कानाने ऐकला आहे, कारण वहिनीने स्पीकर लावला होता.

आणि बदली कोण? समोरची काकी. पासष्टीची बाई, पण कंबर ताठ. तिची सून जायला तयार नव्हती, म्हणून ती स्वतः निघाली. वहिनीने तिला कोड शिकवला तो असा: जमिनीवर दहा चिंचोके मांडले, पेटीवर बटणं असतात तसे तीन-तीनच्या ओळीत, आणि शून्याचा खाली एकटा. काकीचं बोट धरून त्यावरून पाच वेळा फिरवलं.

"हे म्हणजे सागरगोटेच झाले की!" काकी म्हणाली.

"काकी, चुकलात तर लाल दिवा लागेल हां."

"लागू दे. मी काय दिव्याला घाबरते? तुझ्या सासऱ्याच्या वेळचा जॉबर बघितलायस तू?"

वहिनीने तिला अकराव्या मजल्याच्या घराची किल्लीही दिली, कारण ती मॅडम सकाळी कामाला जायची आणि वहिनी स्वतः उघडून आत जायची. तिला यात वावगं काही वाटलं नाही. काकीला वाटलं नाही. आईला वाटलं नाही. मी त्या वेळी तिच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला हॉस्पिटलात गेले होते, मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी किल्लीला नको म्हटलं असतं. पण कोडला म्हटलं असतं का, ते मला सांगता येत नाही. मीही त्याच घरात वाढले आहे.

चार दिवस काकी नीट जाऊन आली. पाचव्या दिवशी अकराव्या मजल्यावरच्या मॅडमची सासू दिल्लीहून आलेली होती. ती आतल्या खोलीत झोपली होती. जाग आली तर स्वयंपाकघरात अनोळखी म्हातारी भांडी घासतेय. तिने किंचाळून इंटरकॉम उचलला.

मला गार्डचा फोन आला. "मॅडम, कोड किसी और का है, औरत कोई और है."

मी खाली गेले तेव्हा काकी गार्डच्या केबिनमध्ये जमिनीवर बसली होती. चपला हातात. दोन गार्ड तिच्या डोक्यावर उभे. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला.

"आली, आली," ती गार्डांना म्हणाली. "आता हिलाच विचारा. हिला मी पाळण्यात बघितलीय."

"काकी, तुम्ही बोलू नका," मी म्हटलं.

मग पोलीस आला. एक हवालदार, मराठीच, बोलायला वाईट नव्हता. पण अकराव्या मजल्याच्या सासूबाई म्हणत होत्या, झडती घ्या. बाई गार्डने झडती घेतली. केबिनचं दार उघडंच होतं, बाहेर ड्रायव्हर उभे होते. पदर सोडायला लावला. कनवटीला मिश्रीची डबी निघाली. ती उघडून हुंगून बघितली. बाकी काही निघालं नाही. वर घरातही काही गेलं नव्हतं, मॅडमने येऊन सगळं तपासलं. वहिनीच्या फोनबद्दल मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला असं काहीच सांगितलेलं नाही." माझ्याकडे न बघता म्हणाली.

हवालदार निघून गेला. काकीला मी घरी घेऊन आले.  ती आपल्या खोलीत गेली, मिश्रीची डबी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर मागच्या गेटच्या कॅमेऱ्यातले फोटो होते. त्यांनी सिक्युरिटीला जुनी रेकॉर्डिंग बघायला लावली होती.

"हे बघा," ते म्हणाले. "अर्ध्याहून जास्त कोडवर वेगवेगळ्या बायका आत आल्या आहेत. महिनोन् महिने. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. पण नवल नाही वाटलं."

"म्हणजे?"

मी त्यांना बदली काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कमिटीने निर्णय घेतला आहे. ही जी अकराव्या मजल्याची बाई आहे, तिचा कोड आत्ता कायमचा बंद. तिन्ही घरांचा, तिन्ही टॉवरचा. बाकी ज्यांनी कोड दुसऱ्याला दिला त्यांचे एक तारखेला बंद. तोवर लोक दुसऱ्या बायका बघतील. बायकांना आधी कळता कामा नये."

"साहेब, ती बाई माझी वहिनी आहे."

त्यांनी फोटो गोळा करून बाजूला ठेवले. "मग तुम्हाला हे काम दुसऱ्याला द्यायचं असेल तर..."

"नको. मला ऑर्डर लेखी पाठवा."

त्यांनी ईमेल पाठवला. मी कोड बंद केला. एक चौकोन असतो, त्यावर टिचकी मारायची, मग मशीन विचारतं, नक्की ना? मी हो म्हटलं. पण एक तारखेचं गुपित मी ठेवलं नाही, आणि ठेवणार नाही असं साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "मी हे ऐकलं नाही."

घरी वहिनी टाके सांभाळत कॉटवर बसली होती.

"वन्सं, कोड कोणी बंद केला?"

"मी."

"तुमच्या हाताने?"

"मग कोणाच्या? माझं कामच ते आहे."

तिने मान खाली घातली. "बरं झालं," म्हणाली. "दुसऱ्याने केला असता तर मला कळलंच नसतं."

आई मात्र भडकली. आई म्हातारी होत गेली तशी तिची मालवणी परत आली होती. "बदली पाठवल्यान म्हणजे काय चोरी केल्यान?" ती मला म्हणाली. "तुझ्या बापाशीन धा वर्सां बदली केल्यान, तेका कोणी चोर म्हणूक नाय!"

"आई, तिथे जॉबर होता. तो बघून आत घ्यायचा. इथे मशीन आहे, त्याला फक्त आकडा कळतो."

"मग त्या मशीनाक शिकव. इतकी शिकलंस कित्याक?"

रागाने बोलली, पण मला त्यातून सुचलं. प्रत्येक बाईच्या कोडखाली तिच्या एका बदलीचा वेगळा कोड, फोटोसकट. म्हणजे मशीनला माणूस कळेल, घरवाल्यांना कोण येणार ते कळेल, आणि जागाही राहील. कॉम्प्युटरमध्ये ती सोय होती. ड्रायव्हरांसाठी वापरतच होतो. मालक लोकांना दुसरा ड्रायव्हर लागतो ना.

मी कमिटीकडे वेळ मागितली. क्लबहाऊसमध्ये मीटिंग झाली. मला पाच मिनिटं दिली. मी बदली सांगितली, दुसरा कोड सांगितला, आणि बाईला आदल्या दिवशी सांगण्याचं सांगितलं. अकराव्या मजल्याची मॅडम समोरच बसली होती. फोनचं मी परत विचारलं. ती परत नाही म्हणाली.

चेअरमन हसून म्हणाले, "हे बघा, ही काही आता गिरणी नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे. गिरणी असती तर माझे वडील आत असते आणि तुम्ही इथे नसता."

हे वाक्य बोलून काही उपयोग झाला नाही. चेअरमननी घड्याळ बघितलं, आणि पुढचा विषय स्विमिंग पूलच्या फरशीचा निघाला.

*

एक तारखेला मागच्या गेटवर लाल दिवे लागत गेले. बायकांना मी सांगितलेलं होतं, तरी त्या आल्या. प्रत्येकीने कोड दाबून बघितला. कळलेलं असलं तरी माणूस एकदा दाबून बघतोच. मग त्या रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. घोषणा नाहीत. एक तरुण पोरगी म्हणाली, "चला, संप करू." तर दोन-तीन म्हाताऱ्या तिच्यावर धावून गेल्या. "तो शब्द काढू नकोस. त्या शब्दापायी घरं गेली आमची."

साहेबांनी एका एजन्सीला सांगून नव्या बायका मागवल्या होत्या. त्या टॅक्सीतून उतरल्या. एजन्सी कांदिवलीची असेल, पण बायका तिला मिळणार कुठून? याच गल्ल्यांतून. त्यातल्या एकीने पलीकडे बघितलं.

"आत्ये? तू का उभी आहेस गं इथं?"

"कोड बंद केला."

"कुठलं घर?"

आत्याने मजला सांगितला. पोरीने हातातल्या चिठ्ठीवरचा मजला वाचला, चिठ्ठी टॅक्सीवाल्याच्या हातात दिली आणि आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाकीच्या दोघी-तिघींनी विचारपूस केली आणि माघारी गेल्या.

ज्यांचे कोड चालू होते त्या आत जात होत्या, आपापली घरं करत होत्या. पण दुसरीचं घर धरायला एकही तयार होईना. मला रोज फोन यायचे. वरच्या मजल्यांवरून मॅडम म्हणायच्या, आमच्या शेजारच्या घरी येणाऱ्या बाईला सांगा ना, आम्ही जास्त देऊ. मी त्या बाईला विचारायचे. नियमाप्रमाणे विचारणं माझं काम होतं. उत्तर एकच यायचं. "ती जागा रिकामी नाही, मॅडम. तिच्यावर माणूस आहे."

हे फार शूर होतं असं मी लिहिणार नाही. बायका घरी उपाशी होत्या. दुसऱ्या आठवड्यात कॉटन ग्रीनच्या एकीने दुसरीचं घर धरलं. तिचा नवरा अंथरुणावर होता. तिला कोणी शिवी दिली नाही, पण सकाळी रांगेत तिच्या पुढे आणि मागे एकेका माणसाची जागा मोकळी राहायला लागली. ती तीन दिवसांत रडत ते घर सोडून गेली. हेही त्या नियमाचंच काम. नियम चांगले असतात तेव्हाही कोणाच्या तरी पाठीवर पडतात.

आमच्या घरी आईच्या गोळ्या अर्ध्या करून द्यायला लागलो. वहिनी टाके दुखत असताना बसून मासेवाल्यांसाठी सोडे निवडायची. काकी अजून खोलीबाहेर आली नव्हती. तिला जेवायला बोलवायला गेलं की म्हणायची, "माझ्यापायी झालं." आई तिला शिव्या द्यायची आणि ताट तिथेच ठेवून यायची.

टॉवरमध्ये कचरा, भांडी, म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळं अडलं. ज्या मॅडमनी आधी कोड बंद करण्याच्या बाजूने हात वर केले होते त्याच आता साहेबांच्या ऑफिसात येऊन त्यांच्यावर ओरडायला लागल्या. महिना संपायच्या आत साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली.

"तुमची ती बदलीची योजना," ते म्हणाले, "लिहून द्या. आजच."

मी तिथेच बसून लिहिली. इंग्रजीत, मुद्देसूद, खाली माझं नाव आणि बी.कॉम. पण लिहिलं. एरवी लिहीत नाही. त्या दिवशी लिहिलं. कमिटीने त्यातलं चुकीच्या झडतीसाठी माफी मागण्याचं कलम काढून टाकलं. अकराव्या मजल्यावरच्या घराने वहिनीला परत घ्यायला नकार दिला. दुसऱ्या एका घराने तोवर भांडी घासायचं मशीन आणलं होतं. काकीने हे सगळं ऐकलं आणि ती बरं म्हणाली, पण टॉवरच्या रस्त्याने ती त्यानंतर कधी गेली नाही. देवळात जायला ती लांबचा वळसा घेते. माफी तिच्याकडे कोणी मागितली नाही, आणि आता मागेल असं वाटत नाही.

जे झालं ते असं. मागच्या गेटवरच्या प्रत्येक बाईला तिचा स्वतःचा कोड आहे आणि तिच्या बदलीला फोटोसकट वेगळा कोड आहे. कोणाचाही कोड बंद करायचा असेल तर आदल्या दिवशी तिला समोर बोलावून कारण सांगावं लागतं, आणि ते मी सांगते. बंद केलेले बाकी सगळे कोड परत सुरू झाले. वहिनीला नवा कोड मिळाला, तीनपैकी एका घराचा, आणि त्या घरी ती अजून जाते.